आठ मार्क

सोलापूर,
८ जुलै १९७३

आदरणीय सिस्टर,

जयहिंद. मी कॉलेजात गेलो. ही बातमी पहिल्यांदा तुमालाच कळवतोय, घरी अजून सांगितलं न्हाय. आमच्या आबांना वाटतंय की मी हितं गिरणीच्या फाटकावर वॉचमनची जागा बघायला आलोय. लष्करातनं सुटलेल्या माणसाला ती जागा लगेच मिळती असं त्यांना सांगोल्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलंय. मी व्हय म्हणून बसलो आणि हितं येऊन फी भरली.

पहिल्या दिवशी काय झालं सांगतो. वर्ग भरलेला. मी दारातनं आत पाय टाकला तशी सगळी पोरं-पोरी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नवे सर आले! मला काय करावं कळंना. तोंडातनं निघालं, "बसा." समदी बसली. मग मी मधल्या वाटंनं खटक खटक करत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तवा जो हशा पिकला म्हणता! मागनं खरे सर आले त्यांना बी कळंना की पोरं हसत्यात कशाला.

माझं वय सव्वीस. त्या पोरांचं सतरा. पुण्यात बसवलेला नकली पाय अजून नवा हाय, उठता-बसता करकरतो. तास चालू असताना मी हलत सुदीक न्हाय. पण सिस्टर, सुरुंगावर पाय पडला तवा शुद्ध गेली, त्यामुळं भ्यायला सवड मिळाली न्हवती. हितं मात्र पूर्ण शुद्धीत हाय आणि लई भ्या वाटतंय. सर इंग्रजीत बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरनं जातं.

नऊ महिने खाटेवर पडलो होतो तवा तुमी ड्युटी संपल्यावर बसून इंग्रजी शिकवलंत. गावाकडं दोनदा बुडालेली मॅट्रिक त्या खाटेवर निघाली. आता पुढं रेटायचं ठरवलंय. मास्तर व्हायचंय मला.

तुमचा आज्ञाधारक,
धुळाप्पा ज्ञानबा बंडगर


पुणे, मिलिटरी हॉस्पिटल,
१९ जुलै १९७३

प्रिय धुळाप्पा,

तुझे पत्र मी वॉर्डात मोठ्याने वाचले. "बसा" ऐकून सगळा वॉर्ड इतका हसला की मेजरसाहेब पाहायला आले. त्यांनाही वाचून दाखवावे लागले.

आता रागावते. वडिलांना खोटे सांगून शिकायला बसणे मला पसंत नाही. या रविवारी गावी जा आणि सांग. फार तर काय करतील, बोलतील. मेंढ्यांमागे आयुष्य काढलेल्या माणसाला मुलाची काळजी वाटणारच.

दुसरे, करकरण्याला घाबरून बसून राहू नको. बसून राहिलास तर मांडी आखडेल. तास संपला की उठायचे, वऱ्हांड्यात दोन फेऱ्या मारायच्या. हा माझा हुकूम समज.

आणि इंग्रजी डोक्यावरून जाते तर जाऊ दे. रोज एक पान मोठ्याने वाच. माझे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण अक्कलकोटला झाले, घरात सगळे कानडी. शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. मला तर दोन्ही परकी होती. मॅट्रिकनंतर थेट नर्सिंगला आले. कॉलेजचे फाटक मी बाहेरूनच पाहिले आहे. आत काय असते ते आता तू मला लिहून कळव.

तुझी,
लेफ्टनंट दाक्षायणी कलशेट्टी


सोलापूर,
३० जानेवारी १९७५

आदरणीय सिस्टर,

जयहिंद. मधे बरेच दिवस पत्र नाही, माफी असावी. आबांना सांगितलं ते मागंच कळवलं होतं. अजून बोलत नाहीत फारसं, पण दर महिन्याला बाजारच्या माणसाकडून ज्वारी पाठवतात. आई म्हणते, तेच त्यांचं बोलणं.

मागच्या साली काठावर पास झालो. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. इथं माझा मान लई वाढलाय आणि त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

गेल्या पंधरा ऑगस्टला प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला स्टेजवर बसवलं, हार घातला. बरं वाटलं. आता सव्वीस जानेवारीला पुन्हा बसवलं. गॅदरिंगलाही बसवलं. वर्गात माझ्यासाठी पुढं एक वेगळी खुर्ची ठेवलीय, हाताची. का तर बाकावर पायाला त्रास होतो. मी त्रास होतो म्हणालो नव्हतो. पोरं बाकावर दाटीवाटीनं बसतात, एकमेकाला कोपरं मारतात, सरांची नक्कल करतात आणि मी तिथं पुढं एकटा, लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखा. मला कुणी प्रश्न विचारत नाही. हजेरी घेताना माझं नाव आलं की सर मान खाली घालून "हं" म्हणतात, पुढं जातात.

सिस्टर, मान देतात म्हणून तक्रार करायची म्हणजे माणूस कृतघ्न दिसतो. म्हणून तुम्हाला सोडून कुणाला बोललो नाही.

एक चांगली बातमी. माझं लग्न ठरतंय. जवळ्याची मुलगी, फुलाबाई. तिचे वडील म्हणाले, "पाय न्हाय ते आमाला चालतंय, पोरगं बी.ए. होणार हाय." परीक्षेनंतर सुपारी फोडायची आहे.

आपला,
धुळाप्पा


पुणे,
२५ जून १९७५

प्रिय धुळाप्पा,

पास! तुझे कार्ड आले आणि मी कॅन्टीनमधून पेढे मागवले. वॉर्डात वाटले. तुझ्या जुन्या खाटेशेजारी आता भिमा नावाचा जवान आहे, त्याचे दोन्ही पाय गेले आहेत. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. तुझी पत्रे ऐकतो तेव्हा तेवढा इकडे वळतो. तुझे कार्ड वाचल्यावर म्हणाला, "सिस्टर, मला बी पुस्तकं आणा." तो आणि आणखी दोघे ऑक्टोबरला मॅट्रिकला बसणार आहेत.

तू तिथे एक पेपर लिहितोस आणि इथे माझा वॉर्ड उठून बसतो. मला तुझा फार अभिमान वाटतो.

कार्डावर दोनच ओळी का? सविस्तर लिही. सुपारी फुटली का?

तुझी,
दाक्षायणी कलशेट्टी


पुणे,
१४ सप्टेंबर १९७५

धुळाप्पा,

जूनपासून माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. काल सांगोल्याकडचा एक जवान तपासणीला आला होता. तुझे नाव काढले तर म्हणाला, "तो व्हय? तो नापास झाला की. कॉलेज सोडलं म्हणं त्यानं. सोयरीक बी मोडली."

मग ते कार्ड काय होते? मी वॉर्डभर पेढे वाटले. तुझे नाव सांगून तीन माणसांना पुस्तके हातात धरायला लावली. भिमा मला रोज विचारतो, धुळाप्पाचे पत्र आले का. मी काय सांगू?

नापास झालास म्हणून मी रागावले नाही. नापास व्हायलाही आधी परीक्षेला बसावे लागते. पण पास झालो असे मला कळवलेस ते का? मला खोटे सांगायची तुला गरज का पडावी?

उत्तर दे. नाहीतर पुन्हा लिहू नको.

दाक्षायणी कलशेट्टी


सोलापूर,
२२ सप्टेंबर १९७५

आदरणीय सिस्टर,

जयहिंद. तुमचं पत्र वाचून तसाच बसून राहिलो. कॉलेज मी सोडलेलं नाही. कार्डही खोटं नव्हतं. मी पास झालो होतो, नंतर नापास झालो. ऐकायला येडेपणा वाटेल, पण काय झालं ते सरळ सांगतो.

फळ्यावर माझा नंबर बघितला आणि त्या आनंदात जाऊन तुम्हाला कार्ड टाकलं. खोलीवर आलो तेव्हा डोकं चालायला लागलं. इंग्रजीच्या पेपरात दोन प्रश्नांना मी हातसुद्धा लावला नव्हता. निबंध अर्धा सोडला होता. मग पास कसा? ऑफिसात विचारलं तर इंग्रजीत पस्तीस. बरोबर पस्तीस, वर ना खाली.

इंग्रजीला आम्हाला मंगरूळे सर आहेत. लई भला माणूस. त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "सर, मला पस्तीस कसे पडले?"

सर हसले. "पडले तर पडले. पेढे कुठं आहेत?"

"सर, दोन प्रश्न मी सोडवलेच न्हाईत. खरे किती हाईत?"

बाई आत चहा टाकत होत्या, सरांनी मधलं दार लोटलं. म्हणाले, "सत्तावीस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धुळाप्पा, तुम्ही देशाला पाय दिलात. आम्हाला आठ मार्क देता येऊ नयेत?"

सिस्टर, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून मला रागही धरता येईना. मी म्हटलं, "सर, पाय मी मार्कांसाठी न्हाय दिला. आणि खरं म्हणजे दिला बी न्हाय. सुरुंगावर पडला म्हणून गेला. माझ्या जागी मागचा गडी असता तर त्याचा गेला असता. पण मला मास्तर व्हायचंय. उद्या मी पोरांपुढं उभा राहीन तवा त्यांना इंग्रजी काय माझा पाय शिकवणार हाय?"

चहा तसाच गार झाला. शेवटी सर म्हणाले, "वर्ष जाईल तुमचं. लग्न ठरलंय म्हणालात ना?" म्हटलं, "व्हय सर. पण खरे मार्क द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रिन्सिपॉलसाहेबांपुढं. सरांनी स्वतः सांगितलं, "चूक माझी आहे." साहेब माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "बंडगर, पास करा म्हणून रडणारी पोरं मी रोज बघतो. नापास करा म्हणणारा पहिलाच." मी तेवढ्यात आणखी एक मागून घेतलं. म्हटलं, "साहेब, ती वर्गातली खुर्ची बी काढा. मी बाकावर बसतो."

मग फळ्यावरचा माझा नंबर गेला. पोरं म्हणाली, येडा झालाय. आबा सोलापूरला आले, एवढं म्हणाले, "पास झालेलं पोरगं नापास कसं व्हतं? दूध नासल्यागत?" समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि एस.टी.त बसले. फुलाबाईच्या वडिलांनी सुपारी परत पाठवली.

तुम्हाला कळवायला रोज कागद घ्यायचो. पेढ्यांचं तुमचं पत्र आलं होतं, भिमाचं वाचलं होतं. वाटलं, मी नापास म्हटल्यावर तो पुन्हा भिंतीकडं वळेल. म्हणून हात चालला नाही.

आता पुन्हा पहिल्याच वर्गात आहे, बाकावर, तिघांमधे. डाव्या बाजूचा पोरगा रोज माझी पेन्सिल पळवतो. लई बरं वाटतं.

आपला,
धुळाप्पा


पुणे,
२ ऑक्टोबर १९७५

प्रिय धुळाप्पा,

तुझे पत्र आले तेव्हा मी ड्युटीवर होते. एकटीने आधी वाचायला हवे होते, पण भिमाने पाकिटावरचे अक्षर ओळखले आणि म्हणाला, "वाचा." मग वाचले.

तू सरांना काय म्हणालास तिथपर्यंत आले आणि माझा आवाज गेला. शेजारच्या खाटेवरच्या सुभेदारांनी कागद घेतला आणि पुढचे त्यांनी वाचले. मग भिमा म्हणाला, "सिस्टर, त्याला लिवा, आपल्या वॉर्डाचा निकाल आज लागला. त्यात तो पास हाय."

मी तुला जे लिहिले ते मागे घेते. पेढे वाटले ते मात्र मागे घेत नाही. ते योग्य दिवशी वाटले गेले नाहीत इतकेच.

सुपारी परत आली याचे वाईट वाटते. पण ज्यांना तुझे पस्तीस हवे होते आणि सत्तावीस नकोत, त्यांच्या घरी तुझे कसे जमले असते?

आणखी एक. मला सिस्टर म्हणणारे शेकडो आहेत. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. आजपासून तू तसे लिहिलेस तर मला आवडेल.

तुझी अक्का,
दाक्षायणी


सोलापूर,
६ जून १९७६

ति. अक्का,

नमस्कार. पास झालो. या वेळी इंग्रजीत एक्केचाळीस. मंगरूळे सरांनी माझा पेपर स्वतः तपासलाच नाही, दुसऱ्या सरांकडं दिला. म्हणाले, "माझा हात पुन्हा ढिला पडेल." वर्षभर दर गुरुवारी त्यांनी मला घरी बोलावून शिकवलं, ते मात्र सोडलं नाही.

भिमा मॅट्रिक झाल्याचं तुमचं कार्ड पोचलं. त्याला माझा जयहिंद.

आता दुसरी बातमी. मागच्या महिन्यात माझं लग्न झालं, फुलाबाईशीच! सुपारी परत आली त्याला सहा महिने झाले तेव्हा ती आपल्या बापाला म्हणाली, "दुसरी स्थळं आणताय ती समदी स्वतःला चांगलं म्हणत्यात. ह्यो एकच गडी हाय ज्यानं स्वतःला नापास म्हटलं. मला हाच पायजे." सासरे स्वतः आमच्या वस्तीवर आले. आबांनी त्यांना घोंगडीवर बसवलं आणि बराच वेळ नुसतं मेंढरांचंच बोलत बसले. ते मुद्दाम होतं असं आई म्हणते.

सगळं आठ दिवसांत उरकलं, तुम्हाला वेळेत कळवता आलं नाही याची हुरहुर राहिली.

तुमचा,
धुळाप्पा


अक्कलकोट,
२० मे १९७७

प्रिय धुळाप्पा,

मी नोकरी संपवून घरी आले. मुदत पूर्ण झाली, कॅप्टन म्हणून निरोप मिळाला. भिमा आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी चाकाच्या खुर्च्यांची रांग लावून सलामी दिली.

घरी सगळे ठीक. आई, आमची अव्वा, थकली आहे. भाऊ शिवपुत्र म्हणतो, खूप केलेस, आता बस. एका विधुराचे स्थळही आणले आहे. मी नाही म्हटले. मग दिवसभर करायचे काय, असा प्रश्न आहे. अव्वाची औषधे आणि वाती वळणे, एवढे पुरत नाही.

गेल्या आठवड्यात सोलापूरला आले होते. तुझ्या कॉलेजच्या फाटकातून आत गेले. प्रवेशाच्या खिडकीपुढे मुलींची रांग होती, त्यात उभी राहिले. पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, "मावशी, मुलीला घेऊन यायचं होतं की, सही लागते." मी बरे म्हटले आणि परत आले. तुला भेटलेही नाही.

हसू नको. लढाईच्या दिवसांत दोन-दोन दिवस न झोपता काम केलेली बाई मी. तेहतीस वर्षांची. आता शिकायचे वय कुठे राहिले? तू मन लावून शेवटचे वर्ष पूर्ण कर, म्हणजे मला सगळे मिळाले.

तुझी अक्का,
दाक्षायणी


सोलापूर,
२४ मे १९७७

कॅप्टनसाहेब,

आज अक्का म्हणणार नाही. हे पत्र शिपाई धुळाप्पा बंडगर यांच्याकडून हुकूम म्हणून वाचावं.

खिडकी दहा जूनपर्यंत उघडी आहे. शिवपुत्रअण्णांना सोबत आणायची गरज नाही, पण आणलंत तर त्यांना चहा पाजीन. मी फाटकाशी उभा असेन. रांगेत तुमच्या मागं उभा राहीन, म्हणजे परत जायची वाट बंद. मुलीची सही मागितली तर सांगा, शिकणारी मीच आहे.

पहिल्या दिवशी वर्ग उठून उभा राहील. "बसा" म्हणा आणि मधल्या बाकावर जाऊन बसा. शेवटच्या बाकावर फळा दिसत नाही. तास संपला की वऱ्हांड्यात फेऱ्या मारायच्या.

"मला सगळे मिळाले" असं लिहू नका, अक्का. माझी डिग्री माझी आहे. त्यातली तुम्हाला देता येणार नाही. तुमची तुम्हीच घ्यायची.

जयहिंद.
धुळाप्पा


सोलापूर,
१५ जून १९७८

प्रिय धुळाप्पा,

तू वस्तीवर मेंढरांमागे बसला असशील आणि इथे निकाल लागला आहे. तार करणार होते, पण तारेत मावणार नाही म्हणून लिहिते.

सकाळी मी आणि मंगरूळे सर दोघेही ऑफिसच्या दारात. सर निवृत्त होऊन दोन महिने झाले, तरी आले होते. कारकुनाने कागद पुढे केला. बी.ए., सेकंड क्लास. इंग्रजीत चोपन्न! सरांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "कॅप्टन, आता मी पेढे मागायला मोकळा." मी भर ऑफिसात ओरडले. माझ्या वर्गातल्या मुली धावत आल्या, त्यांना वाटले मला काही झाले.

मीही पास झाले, बऱ्यापैकी. सगळ्यात खालच्या वर्गातून एक पायरी वर. शिवपुत्र आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या अक्का कॉलेजात आहेत," जणू त्यानेच घातले.

बार्शीच्या बी.एड.चा अर्ज मी आणून ठेवला आहे. लगेच ये. फुलाबाईला कळव. मूल झाले का?

तुझी अक्का,
दाक्षायणी


बंडगरवस्ती, ता. सांगोला,
१८ जून १९७८

ति. अक्का,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र दुपारी आलं. पोस्टमन वस्तीपर्यंत येत नाही, आज आला. म्हणाला, पाकीट जड हाय, कायतरी चांगलं असंल.

आबा मेंढरं घेऊन ओढ्याच्या पलीकडं होते. मी तिथं गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकलं. मग विचारलं, "कुणी तपासला म्हणायचा ह्यो पेपर?"

म्हटलं, "ह्या टायमाला कॉलेजानं न्हाय. विद्यापीठाच्या मास्तरानं, तिकडं कोल्हापुरात."

"त्यो तुला वळकतो?"

"न्हाय आबा. त्याला माझं नाव बी ठावं न्हाय. नुसता नंबर असतो."

"मंजी तुझा पाय बी त्यानं बघितला न्हाय?"

"न्हाय."

आबांनी काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, "मग खरं हाय."

अक्का, पाच वर्षांत त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल चांगलं असं एवढंच म्हटलं असेल. मी तिथंच बसलो.

फुलाबाई बाळंतपणाला जवळ्याला आहे. मुलगी झाली, आठ दिवस झाले. दोघी बऱ्या आहेत. निकाल तिला कळवायला मी निघणार होतो, तर आबांनी मला हाताला धरून बसवलं. आईकडून धुतलेलं धोतर मागून घेतलं, पटका बांधला. म्हणाले, "मी जातो सांगाया." उन्हं अजून चढलेली होती. जवळा चार कोस आहे. मी म्हटलं, "आबा, फाट्यावर एस.टी. मिळंल की आता. चालत कशाला?"

पायात वहाणा घालता घालता ते म्हणाले, "एस.टी.त बसलो तर एकदम जवळाच येतोय. चालत गेलो तर वाटंवरच्या समद्या वस्त्यांना सांगता येतंय."

आणि गेले.

तुमचा,
धुळाप्पा